पहिली सर्व्हिसिंग फ्री, मग बिल कशाचं?

काउंटरवर बसायचो तेव्हा हा प्रश्न रोज यायचा. कराडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर होतो. नवीन मोटरसायकल घेतलेला माणूस बिल हातात घ्यायचा, चष्मा वर करायचा आणि विचारायचा, "सायेब, फ्री म्हणला होता की ओ तुमी." त्याचंही बरोबर असायचं आणि बिलही बरोबर असायचं. फ्री असते ती मजुरी, म्हणजे आमच्या भाषेत लेबर. ऑइल, फिल्टर, वॉशर, चेनचा स्प्रे यांचे पैसे गिऱ्हाइकाचे. शोरूममध्ये चावी देताना पेढा देतात, फोटो काढतात, तेवढं हे सांगायचं राहून जातं.

आता काउंटर सोडला आहे, त्यामुळे आतलं बाहेर सांगायला हरकत नाही. बिल कॅशियरकडे ठरत नाही. ते ठरतं सकाळी, जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करताना. म्हणून ती पाच मिनिटं कशी घालवायची ते आधी सांगतो, किमती मग.

पण त्याआधी तारीख. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पहिल्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर आणि दिवस असे दोन आकडे असतात आणि जो आधी येईल तो धरायचा. बऱ्याच गाड्यांना ५०० ते ७५० किलोमीटर, होंडाच्या काही गाड्यांना ७५० ते १०००. दिवसांचा आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून स्वतःच्या गाडीचं पान उघडून बघा. फसतात ते दिवसात. गाडी पाडव्याला घेतली, पोरगं पुण्याला शिकायला, गाडी गोठ्यात झाकून ठेवलेली. रनिंग दोनशेसुद्धा नाही आणि मुदत संपली. पुढे वॉरंटीचं काम निघालं की कंपनी पहिल्यांदा हेच बघते. गाडी जिथं घेतली तिथंच नेली पाहिजे असंही नाही. त्याच कंपनीचं कुठलंही अधिकृत वर्कशॉप चालतं. पोरगं गाडी पुण्याला घेऊन गेलं असेल तर त्यानं तिथंच टाकावी.

गर्दीचंही गणित आहे. आपल्याकडे गाड्या उचलल्या जातात गुढीपाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला. साहजिकच त्यानंतर महिन्याभरानं वर्कशॉपमध्ये नव्या गाड्यांची रांग लागते. रविवारी सुट्टी म्हणून शनिवारी आणि सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते. अशा दिवशी फिटर काय करतो? ऑइल सोडतो, भरतो, धुवायला ढकलतो. टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट, तपासायला इंजिन पूर्ण थंड लागतं, तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. मधल्या वारी जा, आणि जमलं तर आदल्या संध्याकाळी गाडी लावून या. सकाळी थंड इंजिनावर पहिला नंबर तुमचा.

आता जॉब कार्ड. अ‍ॅडव्हायजर टॅबवर किंवा कागदावर टिका मारत जातो आणि बोलत जातो, "टेफ्लॉन करून घेऊ ना? नवीन गाडी आहे, शाईन टिकेल." तुम्ही मान हलवली की टीक. मीही तसंच बोलायचो. आम्हाला टेफ्लॉनचं महिन्याचं टार्गेट असायचं आणि त्यावर इन्सेंटिव्ह. गिऱ्हाईक फसवायचा हेतू असतोच असं नाही, पण विचारण्याची पद्धत अशी असते की 'नको' म्हणायला माणसाला संकोच वाटतो. म्हणून तो बोलायच्या आधी आपण बोलायचं. मी आमच्या भाच्याला हे वाक्य पाठ करून पाठवलं होतं: "ऑइल बदला, पुस्तिकेत असेल तर फिल्टर बदला, बाकी पैशाचं काही करायचं असेल तर आधी फोन करा." हेच वाक्य जॉब कार्डवर शेरा म्हणून लिहून घ्या. मग अंदाजे खर्चाचा आकडा त्याच्याकडून लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढा. एवढ्यावर बिल निम्मं होतं.

टिका कशावर मारू द्यायच्या नाहीत, तेही ऐका.

इंजिन फ्लश: सहाशे किलोमीटर चाललेल्या इंजिनात धुण्यासारखा गाळ साचलेला नसतो. नव्या इंजिनात पार्ट एकमेकांवर घासून बसतात, त्याची बारीक धातूची पूड ऑइलमध्ये उतरते आणि ती ऑइल सोडलं की जाते. पहिली सर्व्हिसिंग लवकर ठेवलेली असते ती मुख्यतः याचसाठी. सोडलेलं ऑइल काळपट दिसलं, ड्रेन बोल्टवर चमचमणारी पूड दिसली तर घाबरू नका. मोठा कण किंवा तुकडा दिसला तर मात्र तिथंच सुपरवायझरला बोलवा.

इंजेक्टर क्लीनर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग साफ करायचं औषध: तेच उत्तर. अजून घाण कुठली बसायला.

टेफ्लॉन: हा रंगावरचा लेप आहे, काही महिन्यांत उतरतो. गाडी रोज उन्हात उभी असेल आणि तुम्हाला हौस असेल तर करा, पण सर्व्हिसिंगचा भाग म्हणून नको. रंग नवा आहे तोवर मऊ फडकं आणि पाणी पुरे.

चेन साफ करून वंगण लावणं मात्र टाळू नका. यात वाद नाही. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकेत चेनला ९० नंबरचं गियर ऑइल सांगितलेलं असतं, ते स्प्रेपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि काम चोख करतं. वर्कशॉपमध्ये स्प्रेचाच आग्रह धरतात. एकदा घेतला तर बिघडत नाही.

बिलात 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक ओळ असते. कापूस, ग्रीस, डिझेल, काय वाटेल ते त्यात जातं. विचारा, कशाकशाचे? नुसतं विचारलं तरी पुष्कळदा ती ओळ गायब होते.

किमतीचं बोलू. आमच्या भागात १०० ते १२५ सीसीच्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग, फक्त गरजेचं केलं तर, साधारण साडेचारशे ते सातशेत बसते. १५०–१६० सीसीला सातशे ते बाराशे धरा. रॉयल एनफिल्ड ३५० असेल तर दोन हजारांच्या आसपास तयारी ठेवा. तिला ऑइल दीड लिटरहून जास्त लागतं, तेही सेमी सिंथेटिक, आणि फिल्टर असतो. लुटलं म्हणून ओरडण्यात तिथं अर्थ नाही, गाडीच तशी आहे.

आता एक बिल मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल, पण तोंडवळा रोजचा. १२५ सीसी गाडी: ऑइल ४००, ड्रेन बोल्टचा वॉशर १५, चेन स्प्रे १२०. एकूण ५३५. हेच बिल मान हलवणाऱ्या माणसाचं: त्यात टेफ्लॉन ६५०, फ्लश २५०, पॉलिश १२०, कन्झ्युमेबल्स ८०. एकूण १६३५. गाडीच्या गरजेचं काम दोघांचं तेवढंच झालेलं.

ऑइलच्या ओळीवर जरा थांबा, खरी मेख तिथं आहे. ऑइलवर १८ टक्के जीएसटी असतो आणि बिलात तो ९ आणि ९ असा केंद्राचा व राज्याचा वेगवेगळा दिसतो. पण सीलबंद डब्यावर जी एमआरपी छापलेली असते ती सगळे कर धरून असते. म्हणजे ४०० एमआरपीचा डबा असेल तर बिलात मूळ किंमत ३३८.९८, त्यावर ३०.५१ आणि ३०.५१, बेरीज ४००. असं हवं. मूळ किंमतच ४०० लिहून वर ७२ चढवले असतील, तर ते चूक आहे. एमआरपीपेक्षा जास्त घ्यायला कायद्यानं मनाई आहे. रिकामा डबा मागून घ्या आणि त्यावरची एमआरपी बिलाशी ताडून बघा.

डबा नसेल आणि बॅरलमधून ऑइल भरत असतील तरी हरकत नाही, मोठ्या वर्कशॉपमध्ये तसंच चालतं. मग बघायचं ते प्रमाण. तुमच्या गाडीला पुस्तिकेप्रमाणे ९०० मिली लागत असेल तर बिलात ०.९ लिटर हवं. पूर्ण एक लिटर लागला असेल तर उरलेलं शंभर मिली कुठं गेलं ते विचारा. एका गाडीमागे किरकोळ रक्कम, पण दिवसाकाठी गाड्या किती होतात याचा हिशेब करा म्हणजे कळेल.

बाहेरून स्वतःचं ऑइल नेलं तर? बरीच वर्कशॉप घेत नाहीत. आधी फोनवर विचारा. घेत असतील तर ग्रेड पुस्तिकेत आहे तोच न्या, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असू द्या. आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर क्लच सटकू शकतो, आणि मग चारशे वाचवायला गेलेल्याला क्लच प्लेटा बदलाव्या लागतात.

गाडी ताब्यात घेताना धुतलेली गाडी बघून खूश होऊ नका. धुलाई म्हणजे नवरीला हळद लावल्यासारखं, सगळ्याच उजळ दिसतात. खाली बसा. चेनच्या खालच्या पट्ट्याला मधोमध बोटानं वरखाली करा. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर हालचाल हवी. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला थोडी मोकळी हालचाल हवी, अगदी ताठ नको. ऑइल बघायला गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा, इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल मोजायची काडी पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. फिरवून बघितलं की पातळी चुकीची दिसते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे हवं. पल्सरसारख्या काही गाड्यांना इंजिनाच्या बाजूला काचेची खिडकी असते, त्यात सरळ दिसतं. जास्त भरलेलंही वाईटच. मग एक चक्कर मारून या, शक्यतो फिटरला मागं बसवून. काही आवाज असेल तर त्याला जागेवर ऐकवता येतो.

निघायच्या आधी पुस्तिकेत तारीख, किलोमीटर आणि शिक्का झाला का ते बघा. सगळं ऑनलाइन होतं म्हणून सांगतील, तरी शिक्का घ्या. आणि दोन दिवसांनी कंपनीचा फोन येईल, दहापैकी किती गुण देणार म्हणून. काउंटरवरचा पोरगा आधीच विनवणी करेल, "सर, दहा म्हणा." त्याची पगारवाढ त्यावर असते हे खरं. म्हणूनच काही राहिलं असेल तर त्या फोनच्या आधी सांगा, अर्ध्या तासात काम होतं.

बिलात चूक असेल आणि काउंटरवर ऐकत नसतील तर वर्कशॉप मॅनेजरला भेटा, मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, बिल आणि जॉब कार्डचा फोटो जोडून. तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरी आल्यावर रात्रभर इंजिनाखाली जुना पेपर अंथरून ठेवा. सकाळी त्यावर ऑइलचा थेंब दिसला तर बहुधा ड्रेन बोल्ट नीट बसलेला नाही. गाडी तशीच वर्कशॉपला न्या, हे काम त्यांनी फुकटच करून द्यायचं असतं. आणि दुसऱ्या सर्व्हिसिंगची तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.