फलक एक बोलतो, पाकीट दुसरंच: हळदवाल्यांनो, या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद घेऊन पाकिटं भरणारे बरेच जण माझ्याकडे डिझाइनसाठी येतात. तक्रार ठरलेली. "माल एक नंबर आहे हो, पण गिऱ्हाईक नुसता दर विचारतंय."

मी त्यांना फलकाचा फोटो, पाकीट, बिलबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपचं प्रोफाइल शेजारी शेजारी मांडायला लावतो. एकांच्या फलकावर होतं 'होलसेल दरात', पाकिटावर 'प्रीमियम', प्रोफाइलला 'आजीच्या हातची चव'. बिलावर तर नावच वेगळं! फलकच दराची हाळी देतोय, मग गिऱ्हाईक दुसरं काय विचारणार?

तुमच्याकडेही फोनवर पहिला प्रश्न दराचाच येत असेल, तर आधी फलक वाचा. मग एकच वाक्य ठरवा, तेही तपासून बघता येईल असं. 'निवडक राजापुरी हळकुंडं, दळल्याची तारीख पाकिटावर.' यात 'उत्कृष्ट', 'दर्जेदार' काही नाही, तरी हळदीचं वाण, ताजेपणा सगळं आलं. हेच वाक्य गल्ल्यावरच्या पोरालाही पाठ हवं. त्याने "सगळ्या हळदी सारख्याच असतात" म्हटलं, की छपाईचे पैसे कृष्णेत गेले.

'सांगलीची हळद' एवढ्यावर विसंबू नका. शेजारचाही तेच लिहितो. शिवाय 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालंय. ते मानांकन पाकिटावर मिरवायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

'कॅन्सरवर गुणकारी' वगैरे तर छापूच नका. खाण्याच्या पदार्थावर रोग बरा करण्याचा दावा कायद्यात बसत नाही. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र हवं.

मेसेजचा सूर हीसुद्धा एक गंमतच. दुकानात "या काकू, बसा" म्हणणारा माणूस मोबाइलवर "डिअर कस्टमर" होतो. काकूंना मोबाइलवरही काकूच राहू द्या.

आणि घाईने छापील पाऊच काढू नका. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे मजकूर कोरलेला रूळ, लागतो. मजकूर बदलला की तो ज्या रंगात आहे त्या रंगाचा सिलिंडर नव्याने करावा लागतो. वाक्य मुरेपर्यंत साधा पाऊच आणि वर स्टिकर. दिवाळीपर्यंत तेच वाक्य गिऱ्हाईक तुम्हालाच ऐकवायला लागलं, की सिलिंडरची ऑर्डर द्या.