नाईटली, कॅनरी असले कच्चे ब्राउझर कसे टेस्ट करायचे, आणि त्यात आपली मराठी कशी तपासायची

परभणीत माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर आहे, दिवसभर सातबारा, पीक विमा, दाखले हेच चालतं आणि सगळं मराठीत टाइप करायचं. सेंटर बंद केलं की रात्री अर्धा तास मी ब्राउझरचं कच्चं व्हर्जन, म्हणजे सगळ्यांना द्यायच्या आधीचं, अजून तपासणी चालू असलेलं व्हर्जन, टेस्ट करतो. कामून, तर 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' ह्यातला फरक रोज टाइप करणारा माणूस ब्राउझर बनवणाऱ्यांच्या टीममध्ये असंलच असं नाही, तो इकडं बसलाय, आणि एकदा बिघडलेलं व्हर्जन सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं की मग ओरडून लवकर उपयोग होत नाही.

आधी कोणतं घ्यायचं ते ठरवा. फायरफॉक्सचं नाईटली दिवसातून दोनदा नवीन बनतं. क्रोमचं सगळ्यात कच्चं कॅनरी जवळपास रोज येतं, त्याच्यापेक्षा पक्कं डेव्ह, मग बीटा, आणि शेवटी आपण वापरतो ते स्टेबल. मायक्रोसॉफ्टच्या एजचंही असंच आहे. कॅनरी हे नाव कोळशाच्या खाणीत नेत असत त्या पक्ष्यावरून, विषारी गॅस झाला की त्याला आधी त्रास व्हायचा आणि माणसं बाहेर पळायची. नवीन माणसाने माझ्या मते बीटापासून सुरुवात करावी, महिनाभर हात बसला की नाईटली. अँड्रॉइडवर पण दोन्ही मिळतात, पण खरी मजा कॉम्प्युटरवर, कारण चूक नीट शोधता येते.

डाउनलोड फक्त मोझिलाच्या (फायरफॉक्सवाले) किंवा गूगलच्या (क्रोमवाले) स्वतःच्या साईटवरून करायचं, दुसरीकडून कुठूनच नाही. नाईटली आणि कॅनरी दोन्ही तुमच्या रोजच्या ब्राउझरच्या शेजारी वेगळे बसतात, त्यांचं प्रोफाईल, म्हणजे सेटिंग, पासवर्ड, बुकमार्क ठेवायचा कप्पा, वेगळं राहतं, त्यामुळे रोजच्या ब्राउझरमधले पासवर्ड, बुकमार्क तसेच राहतात. ते वेगळंच ठेवा. नाईटलीत वापरलेलं प्रोफाईल साध्या फायरफॉक्समध्ये उघडायला गेलात तर तो वॉर्निंग देतो आणि नवीन प्रोफाईल बनवायला सांगतो, कारण नवीन व्हर्जनने बदललेला डेटा जुन्याला नीट वाचता येईलच असं नसतं. तरी बुकमार्क एकदा एक्सपोर्ट करून पेन ड्राईव्हवर ठेवा.

आणि हे लई महत्त्वाचं, बँक, पीक विमा, परीक्षेचा फॉर्म ह्यातलं काहीही कच्च्या व्हर्जनमध्ये करायचं नाही. आमच्या ओळखीच्या एका सेंटरवर विम्याच्या शेवटच्या दिवशी पोराने घाईत चुकून टेस्टिंगचं ब्राउझर उघडलं, अर्धा फॉर्म भरल्यावर ते बंद पडलं, आणि बाहेर पाथरीकडून आलेली माणसं दोन तास उन्हात बसून होती. तेव्हापासून मी टेस्टिंगसाठी विंडोजचा वेगळा युजरच बनवलाय.

अपडेट रोज घ्यायचं. रोज घेतलं तर फक्त बदललेला भाग उतरतो, लई दिवस सोडलं तर पूर्ण फाईल यायची शक्यता असते, मोबाईल हॉटस्पॉटवर चालवत असाल तर डेटा पॅक त्यातच जातो. लाईट जायची वेळ माहीत असेल तर त्याच्या आधी उरकून घ्या.

आता मुख्य काम, टेस्ट काय करायचं. नुसतं उघडून फिरलं तरी काहीतरी सापडतं, क्रॅश झालं की रिपोर्ट पाठवायचं विचारतं, तो पाठवा. पण मराठी माणसाने मराठीच तपासावी, म्हणून मी एका वहीत शब्द लिहून ठेवलेत, रोज तेच टाइप करून बघतो. ऱ्य चं बघा, दऱ्या आणि दर्या, सुऱ्या आणि सूर्या, हे वेगळे दिसायलेत का. हा अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि एक साध्या र ला हलंत देऊन पुढं न दिसणारं जोडणारं अक्षर घालून, दोन्ही करून बघा, मग पानात शोधा वापरून एकाने टाइप केलेलं दुसऱ्याने सापडतं का तेही बघा. ॲप मधला ॲ, ळ, ज्ञ, क्ष, मराठी वळणाचे ल आणि श. बॅकस्पेस दाबल्यावर काय पुसलं जातं, बाण दाबल्यावर कर्सर जोडाक्षराच्या मधे थांबतो का. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं कॉम्प्युटरवर कशी धरायची त्याचे जगभरचे नियम, त्याच्या २०२३ च्या १५.१ व्हर्जनमध्ये देवनागरीचं जोडाक्षर एकच अक्षर धरायचा नियम आलाय, त्यामुळे अशा जागी ब्राउझरा-ब्राउझरात फरक दिसू शकतो. शब्दावर डबल क्लिक केलं तर पूर्ण शब्द निवडला जातो का, आणि प्रिंट काढून, पीडीएफ बनवून त्यातला मजकूर कॉपी केला तर मात्रा जागेवर राहतात का. सेंटरवाल्यांसाठी प्रिंटचं तर पोटापाण्याचं आहे.

असली अक्षरं किरकोळ वाटत असतील तर २०१८ ची गोष्ट आठवा, एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरचे ॲप धडाधड बंद पडायचे. देगलूरच्या पलीकडं गेलं की तीच लिपी दुकानाच्या पाट्यांवर आहे.

एक मात्र सांभाळा, जुन्या सरकारी पानावर कृतिदेव वगैरे फॉन्टमधला मजकूर असतो, तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही, ती ब्राउझरची चूक नाही, ते रिपोर्ट करू नका.

चूक सापडली की लगेच लिहायला बसू नका. आधी परत करून बघा, तीनदा होते का. मग स्टेबलमध्ये होते का, दुसऱ्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये होते का, एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी टूल, बंद केल्यावर होते का. फायरफॉक्सच्या मदत मेनूत ट्रबलशूट मोड आहे तो ह्याच्यासाठीच. सगळ्याच ब्राउझरमध्ये सारखंच बिघडत असेल तर बहुतेक फॉन्टचा किंवा साईटचा दोष. मग एक छोटी एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची, फाईल बनवा, ज्यात फक्त तो एकच शब्द आहे आणि तरी चूक दिसते, अशी फाईल डेव्हलपरला दहा पानांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

नाईटली असेल तर अजून एक पाऊल पुढं जाता येतं, मोझरिग्रेशन नावाचं फुकट टूल आहे. त्याला चांगली तारीख आणि बिघडलेली तारीख सांगायची, ते मधलं व्हर्जन उतरवून उघडतं, तुम्ही फक्त चांगलं की वाईट सांगायचं, दर वेळी अर्धं अंतर कमी होतं, शंभर दिवस असले तरी सात-आठ फेऱ्यांत नेमका दिवस सापडतो. डेटा बराच जातो, वायफाय असेल तिथंच करा.

रिपोर्ट फायरफॉक्ससाठी बगझिला ह्या मोझिलाच्या चुका नोंदवायच्या साईटवर, क्रोमसाठी क्रोमियमच्या (ज्याच्यावरून क्रोम बनतं) इश्यू ट्रॅकरवर, तीही तसलीच साईट. आधी शोधा, कुणी लिहिलेलं असेल तर त्यातच तुमची माहिती जोडा, नवीन उघडू नका. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, फक्त क्रमाने लिहा, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. एका रिपोर्टमध्ये एकच चूक. ॲड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट असं इंग्रजीत टाकलं की फायरफॉक्स सगळी माहिती दाखवतो, त्यातला बिल्ड आयडी, म्हणजे त्या दिवशी बनलेल्या व्हर्जनचा नंबर, द्या, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख असते. क्रोममध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, व्हर्जन. मराठी शब्द टाइप करूनही द्या आणि स्क्रीनशॉटपण द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर तो शब्द नीट दिसतो आणि त्यांना चूक कळतच नाही. स्क्रीनशॉटमध्ये कुणाचा आधार नंबर, गट नंबर, मोबाईल येऊ देऊ नका, हे रिपोर्ट जगभर कुणालाही दिसतात.

नंतर मेल बघत राहा. डेव्हलपर अजून माहिती मागतात, महिनाभर उत्तर नाही दिलं तर रिपोर्ट बंदही होऊ शकतो. दुरुस्त झालं असं आलं की पुढच्या नाईटलीत वहीतला तोच शब्द परत टाइप करा आणि खाली लिहा, अमुक तारखेच्या बिल्डमध्ये नीट दिसतंय.