रोहिणी तारा बघताना या चुका टाळा

"रोहिणी नारंगी असते म्हणतात, मला तर पांढरीच दिसली" असं बरेच जण म्हणतात. अशा वेळी आधी बघा की आपण बघतोय ती नक्की रोहिणीच आहे ना. मृगातले बाणाचे तीन तारे धरा, त्या रेषेत एका बाजूला व्याध येतो आणि उलट बाजूला गेलं की रोहिणी, तसंच अजून थोडं पुढे कृत्तिकांचा पुंजका दिसला की समजा बरोबर आलात. मंगळ कधीकधी याच भागात असतो आणि रंगही तसाच, तेव्हा हमखास घोळ होतो. दोन आठवड्यांनी परत बघा, जागा बदलली तर तो मंगळ.

दुसरी चूक म्हणजे तारा नुकता उगवलेला असताना रंग ठरवणं. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, त्यामुळे पांढरा तारासुद्धा लालसर दिसतो आणि लुकलुकताना भलतेच रंग मारतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास रोहिणी चांगली वर आलेली असते, तेव्हा आधी मृगातल्या राजन्य (रायगेल) या निळसर ताऱ्याकडे बघा आणि लगेच रोहिणीकडे, फरक असा डोळ्यात भरतो की परत विचारावं लागत नाही! तरी नाहीच कळलं तर दुर्बिणीचा फोकस किंचित बिघडवा, ठिपका पसरतो आणि रंग उघडा पडतो. ही युक्ती खरंच करून बघा.

मोबाईलच्या फोटोत पांढरी येते कारण एक्स्पोजर जास्त झालेलं असतं. ते कमी करा, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा.

टेलिस्कोपमध्ये मोठी तबकडी दिसेल म्हणून मॅग्निफिकेशन वाढवत बसू नका, ठिपकाच राहणार. तारा सूर्याच्या साधारण 44 पट रुंद आहे पण अंतर 65 प्रकाशवर्षांच्या आसपास.

नारंगी म्हणजे थंड, म्हणजे मंद, हा समजही सोडा. पृष्ठभाग साधारण 3900 केल्विन, सूर्याचा 5800 च्या जवळ, हे खरं, पण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर तारा इतका फुगलाय की एकूण प्रकाश सूर्याच्या 400 पटींहून जास्त पडतो.

आणि आजूबाजूचे ते व्ही आकारातले तारे, म्हणजे रोहिणी शकट, हे तिचे सोबती नाहीत बरं का. तो गुच्छ जवळपास 150 प्रकाशवर्षं लांब आहे, रोहिणी फक्त त्याच दिशेला मध्ये येते.