लीड्सहून व्हिटबी: सात जण, एक रात्र आणि दोन वेळापत्रकं

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी या गावाचं नाव काढलं की ग्रुपवर तासाभरात सतरा जण ‘मी नक्की’ म्हणतात. प्रत्यक्षात येतात सात. हे गणित मी लीड्समध्ये मास्टर्स करताना स्वतःच्या खिशातून शिकले. पहिल्या ट्रिपला अकरा जणांचं बुकिंग माझ्या कार्डावर केलं, चौघांनी शुक्रवारी रात्री ‘सॉरी यार, असाइनमेंट’ म्हणून कळवलं, आणि त्यांच्याकडे पैसे मागायची लाज मात्र मलाच वाटत राहिली. आता नियम एकच. तारीख आणि रक्कम ग्रुपवर टाकायची, बुधवारी रात्री बारापर्यंत ज्याचे पैसे खात्यात जमा झाले तो आला. कुणाची मनधरणी करायची नाही.

तारीख ठरवण्याआधी सगळ्यांचा रोटा, म्हणजे कामाच्या शिफ्ट्सचं वेळापत्रक, विचारा. स्टुडंट व्हिसामुळे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि बहुतेकांचे ते तास नेमके शनिवार-रविवारी असतात. तीन आठवडे आधी सांगितलं तर शिफ्ट बदलून मिळते, तीन दिवस आधी नाही.

जायला ८४० नंबरची बस. लीड्सहून यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग करत थेट व्हिटबी, तीन तासांहून जास्त लागतात. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये सरकारी योजनेतल्या बसना एका फेरीच्या भाड्याची कमाल मर्यादा ३ पाउंड आहे. योजना मुदतीची आहे, तेव्हा निघण्याआधी एकदा बघून घ्या. वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा. पिकरिंग सोडल्यावर मूर्सचा उजाड माळ लागतो आणि ऑगस्टमध्ये तो हेदरच्या फुलांनी जांभळा झालेला असतो. ट्रेनचाच हट्ट असेल तर स्कारबरोपर्यंत ट्रेन आणि पुढे एक्स९३ बस. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेच्या तिकिटावर ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सूट मिळते. त्यावर रेलकार्डाची (रेल्वेच्या सवलतकार्डाची) सूट पुन्हा मिळत नाही, म्हणून ज्यांनी अजून रेलकार्ड काढलेलं नाही त्यांना ही सोय खरी उपयोगी. मिडल्सबरोहून एस्क व्हॅलीची लाइन सुंदर आहे, पण गाड्या मोजक्याच. एक चुकली की दिवस गेला.

बसचं वेळापत्रक सगळेच बघतात. समुद्राचं कुणी बघत नाही, आणि व्हिटबीत दिवस समुद्रच ठरवतो. ‘टाइड टाइम्स व्हिटबी’ असं शोधा आणि शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या चारही वेळा ग्रुपवर पिन करा. पूर्वेच्या कड्याखालून सॉल्टविक बेकडे खडकांवरून चालत जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे जीवाश्म सापडतात. एकदा आम्हीही गेलो. चिकट शेवाळ, डोकी खाली, प्रत्येकाला आपापला अमोनाइट (शंखासारखा जीवाश्म) हवा. मागे वळून पाहिलं तर ज्या खडकावर बसून बूट बांधले होते तो दिसेना. पाणी समोरून लाटा घेऊन येईल अशी आपली समजूत असते. इथे ते बाजूच्या घळींतून, आवाज न करता, आपल्या मागे येतं. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून परतलो, आणखी अर्ध्या तासाने ते जमलं नसतं. तेव्हापासून ओहोटी पुरी व्हायच्या आधीच उतरायचं आणि पाणी फिरलं की हातातला दगड टाकून परत निघायचं. कडाही ठिसूळ आहे, त्याला टेकून डबा खायला बसू नका. कुणी अडकलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

चालायचंच असेल तर एक्स९३ने रॉबिन हूड्स बेला जा आणि क्लीव्हलंड वेच्या कड्यावरच्या वाटेने व्हिटबीला परत या. दहा-अकरा किलोमीटर, रमतगमत चार तास. या वाटेला भरतीची भीती नाही. जॅकेट मात्र हवंच. लीड्समध्ये लख्ख ऊन असताना इथे ‘फ्रेट’ येतो, म्हणजे समुद्रावरून धुकं चढतं आणि दहा मिनिटांत कड्यावरची ॲबी, म्हणजे जुन्या मठाचे अवशेष, गायब. छत्री आणू नका, वारा ती ठेवत नाही.

खाण्याचं आधी सांगायला हवं होतं. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्स बऱ्याच ठिकाणी अजून बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोवंशाच्या चरबीत तळतात. नुसते चिप्स घेतले तरी तेच. आमच्यातला शाकाहारी नागपूरकर व्हिनेगर शिंपडून, लाकडी काट्याने निम्मे चिप्स खाऊन झाल्यावर गल्ल्याशेजारची छोटी पाटी वाचत होता. वाचून झाली. त्याने काटा खाली ठेवला, डबा माझ्याकडे सरकवला आणि बराच वेळ बंदराकडे बघत बसला. तेव्हा ऑर्डरआधीच विचारा: ‘व्हेजिटेबल ऑइल ऑर ड्रिपिंग?’ कुणी रागावत नाही, त्यांना सवय आहे. आणि खाताना पाठ भिंतीला लावून बसा. सीगल मागून येतो.

बाकी बघायचं ते आपोआप दिसतं. १९९ पायऱ्या, वर ॲबी (तिकीट विद्यार्थी सवलतीत घ्या), पलीकडे व्हेलच्या जबड्याची कमान. तिथल्या एका रस्त्याचं नाव चक्क खैबर पास आहे, तिथे फोटो काढण्यात आमची पंधरा मिनिटं गेली.

राहायला एका रात्रीसाठी हॉस्टेलची डॉर्मच बरी, कारण वीकेंडला कॉटेजवाले बहुधा दोन रात्रींची अट घालतात. सामान एका पाठपिशवीत मावेल एवढंच. आमचं हॉस्टेल पूर्वेला टेकडीवर होतं, त्या पायऱ्या चाकांच्या बॅगेसह चढणाऱ्या मैत्रिणीने नंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

बसस्टेशन पश्चिमेला आहे आणि मध्ये एस्क नदीवर फिरता पूल. भरतीच्या आसपासच्या तासांत होड्यांना वाट द्यायला तो उघडतो. रविवारी आम्ही पाच जण पश्चिमेच्या तीरावर आलो, दोघं फज (एक मिठाई) घ्यायला रेंगाळले आणि पूल उघडला. मधून एक मच्छीमार होडी अगदी निवांत निघाली होती. ती गेली, पूल जुळला, दोघं धावत आले. बस मिळाली, कारण वीस मिनिटं हातात ठेवली होती. हॉस्टेल पूर्वेला घेतलंत तर रविवारची भरती बसच्या वेळेशेजारीच लिहून ठेवा.