आयनी द्रवातलं बल मोजताय? आधी वेग निम्मा करा

गेल्या जुलैत मला वाटलं, शोध लागला. अभ्रकाच्या दोन पृष्ठांमध्ये आयनी द्रव (म्हणजे नुसत्या आयनांचं, द्रवरूप मीठ), पृष्ठं हळूहळू जवळ आणत त्यांच्यातलं बल मोजत होतो, आणि ३० नॅनोमीटरवरूनच जोरदार प्रतिकर्षण! सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "वेग निम्मा कर." केला. बलही निम्मं झालं. ते विद्युतबल नव्हतंच, द्रवाचा चिकटपणा होता.

तुमची फजिती टळावी म्हणून हे लिहितोय.

अभ्रक म्हणजे जुन्या इस्त्रीत असायचं तेच. कडेत सुई घालून २ ते ५ मायक्रॉनचा पापुद्रा सोला. उजेडात तिरका धरला की हलके रंग दिसतात. रंग जिथे अखंड एकसारखा, तिथे पायरी नाही, तेवढाच भाग घ्या. दोन्ही तुकडे एकाच पापुद्र्यातले हवेत. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेने कापलं तर धातूचे कण उडून पृष्ठावर बसतात, म्हणून मी कात्रीच वापरतो. मागच्या बाजूला ५० नॅनोमीटर चांदी चढवून, ती बाजू खाली ठेवून, १ सेंटिमीटर त्रिज्येच्या दंडगोलाकार भिंगांवर चिकटवा. भिंगं एकमेकांना काटकोनात बसवा. गोंद म्हणून वितळवलेलं ग्लुकोज चालतं, पण डायसायनामाइड हा ऋण आयन असलेल्या आयनी द्रवात ते विरघळतं. आदल्या दिवशी एक थेंब टाकून बघा.

शून्य अंतर कोरड्या नायट्रोजनमध्येच ठरवा: पृष्ठं टेकवा, वर्णपटातल्या पट्ट्यांची जागा लिहून घ्या (चांदीच्या दोन थरांमधून उजेड गेला की या पट्ट्या उमटतात, आणि त्या किती सरकल्या यावरून अंतर कळतं). मोजपट्टी म्हणून पाऱ्याच्या दिव्याची ५४६.१ नॅनोमीटरची हिरवी रेषा. द्रव रात्रभर ७० अंशांवर निर्वातात ठेवा. उपकरणाच्या बंद पेटीत ओलावा शोषायला फॉस्फरस पेंटॉक्साइडची वाटी हवीच. पावसाळ्यात तर दर सकाळी तिच्याकडे बघा.

आता वेग. चिकटपणाचं बल ६πηR²v/D (η द्रवाचा चिकटपणा, R भिंगाची त्रिज्या, v जवळ आणण्याचा वेग, D पृष्ठांमधलं अंतर). पाण्याच्या ५० पट चिकट द्रव, वेग सेकंदाला १ नॅनोमीटर, अंतर १० नॅनोमीटर: बल भागिले त्रिज्या जवळपास १ मिलिन्यूटन प्रति मीटर येतं. आपण शोधतो ते विद्युतबलही साधारण एवढंच! म्हणून वेग ०.१ वर आणा, आणि पृष्ठं दूर नेतानाही मोजा. चिकटपणा असेल तर चिन्ह उलटतं, विद्युतबलाचं उलटत नाही.

जवळ गेल्यावर बल टप्प्याटप्प्याने उड्या मारतं, कारण आयनांचे थर एकेक करून बाहेर फेकले जातात. हॉर्न, इव्हान्स आणि निनहॅम यांनी १९८८ मध्ये इथिलअमोनियम नायट्रेटमध्ये ते मोजले होते. थरांच्या पलीकडे, जास्त अंतरावर, बलाची हळूहळू विरत जाणारी शेपूट दिसते का, हा वादाचा मुद्दा. पृष्ठावरचा विद्युतभार आयन किती अंतरात झाकून टाकतात, ती पडद्याची लांबी; डिबायच्या सूत्राने ती आयनी द्रवात आयनाहूनही लहान येते. २०१३ मध्ये पृष्ठबलांचे अभ्यासक इस्राएलाश्विली यांच्या गटाने मात्र कैक नॅनोमीटरपर्यंत बल दाखवलं. शेपूट तपासायची तर बलाचा लॉग अंतराशी मांडा. सरळ रेषेच्या उताराचा व्यस्त पडद्याची लांबी देतो.

माझी शेपूट ०.१ च्या वेगालाही टिकली, ती एकदाच. त्या दिवशी पेटी उघडली तर वाटीतली पांढरी पूड काकवीसारखी पाझरत होती.