हब मोटरचं चुंबकीय क्षेत्र सूत्राने काढण्याआधीची तयारी

हब मोटर म्हणजे गाडीच्या चाकातच बसवलेली मोटर: बाहेर मॅग्नेट लावलेला रोटर फिरतो, आत तारा गुंडाळलेला स्टेटर स्थिर राहतो, आणि दोघांमधली फट म्हणजे गॅप. वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मॅग्नेटचं तापमान लिहा. शेडचं नाही, मॅग्नेटचं. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि पुढचं सगळं गणित फुकट गेलं.

स्लॉट (स्टेटरच्या खाचा), टर्न (तारेचे वेढे), स्टॅकची (स्टेटरच्या पत्र्यांच्या थप्पीची) लांबी मोजून घ्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोल (आळीपाळीने येणारे उत्तर-दक्षिण ध्रुव) मोजताना पहिल्या मॅग्नेटवर खडूची खूण करा. विषम आकडा आला तर मोजणीच चुकली. गॅपला मात्र वेळ द्या. एक झाकण काढलं की स्टेटर एका बाजूला ओढला जातो, मग फटीत सरकवायच्या फिलर गेजच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. स्टेटरचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन मॅग्नेटच्या मध्यांतलं अंतर घ्या, वजा करा, निम्मं करा. व्हर्निअर प्लॅस्टिकचा हवा. लोखंडी व्हर्निअर मॅग्नेटला असा चिकटतो की माप राहतं बाजूला आणि मॅग्नेटचा टवका उडतो.

आता तापमान. एन४२ (निओडायमियम मॅग्नेटचा एक दर्जा) चा बीआर, म्हणजे मॅग्नेटमध्ये कायम राहिलेलं क्षेत्र, २० अंशांना साधारण १.३ टेस्ला. दर अंशाला तो सुमारे ०.११ टक्क्याने उतरतो, म्हणजे ९० अंशांना १.२. मॅग्नेट ३ मिमी, गॅप १ मिमी, सापेक्ष पारगम्यता (मॅग्नेटमधून क्षेत्र हवेच्या तुलनेत किती सहज जातं) १.०५ धरली तर गॅपमधलं क्षेत्र ०.९६ वरून ०.८९ वर येतं. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. तेवढ्याच टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) करंट ८ टक्के जास्त लागतो, त्याने तांब्यातला लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) १७ टक्के चढतो, वर तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स २७ टक्के वाढलेला. एकूण लॉस दीडपट. नवतप्यात पारा ४५ ला, गाडीवर मागे सरकीच्या ढेपेची दोन पोती, हब चारी बाजूंनी बंद: ९० अंश काही लांब नाहीत. आणि नुसत्या एन४२ ची मर्यादा ८० च्या आसपास. त्यापुढे गेलेली ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परत येत नाही. नावामागे एसएच असेल तर १५० पर्यंत चालतं. कॅटलॉगमधला बीआर २० अंशांचा असतो, तो उचलून तसाच सूत्रात घालू नका.

ताळा बॅक ईएमएफने (चाक फिरल्यावर मोटरच तयार करते त्या व्होल्टेजने) घ्या: चाक ठरावीक आरपीएमवर फिरवा, मल्टीमीटर लावा आणि त्या वेळचं तापमान बाजूला लिहा. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना घेतलेलं माप मे महिन्याच्या गणिताशी जुळणार नाही. गणितातही तेच तापमान घाला.

हार्मोनिक (क्षेत्राच्या लहरीचे पटीतले घटक) काढताना त्रिज्येचे घात सुटे लिहू नका, गुणोत्तर करून लिहा. २३ पोल-जोड्या असल्या की १५ व्या हार्मोनिकला घात २३ गुणिले १५, म्हणजे ३४५ होतो, ०.१ मीटरचा तेवढा घात कॉम्प्युटर सरळ शून्य धरतो आणि उत्तराच्या जागी कचरा येतो. रोटर बाहेर आहे, सूत्रही बाहेरच्या रोटरचंच घ्या.

मॅग्नेट चपटे, मॅग्नेटायझेशन पॅरलल, म्हणजे मॅग्नेटभर एकाच दिशेचं. ४६ पोलला रेडियल (केंद्रातून बाहेर जाणारं) धरलं तरी फारसा फरक नाही. कार्टर गुणांक (स्लॉटमुळे गॅप किती पट मोठा भासतो ते) काढताना गॅपमध्ये मॅग्नेटची जाडीही धरा. मॅग्नेटमागची लोखंडी रिंग ४ मिमीपेक्षा पातळ असेल तर सॅच्युरेशन (लोखंडात आणखी क्षेत्र न मावणं) तपासा. ५१ स्लॉट, ४६ पोल: सामाईक अवयव नाही, मोटरचा एक तुकडा काढून भागणार नाही, पूर्ण वर्तुळच घ्यावं लागेल. आर्मेचरचं (गुंडाळीतल्या करंटचं) क्षेत्र नंतर. पहिल्या पानावर तापमान लिहिलंय ना?