फौजी सुट्टीवर येते तेव्हा: येण्याआधी, आल्यावर आन परत जाताना काय करा लागते

आपल्या इकडे वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, कोणत्याही गावात जा, दोन-चार पोट्टे तरी मिलिट्रीत असतातच. आन दर वर्षी तेच पाहतो मी, पोरगा सुट्टीवर येते, पहिले आठ दिवस सत्कार आन मटण, मग पंधरा दिवस तहसील, बँक, वावर, कोणाचं लग्न, आन शेवटच्या आठवड्यात घरात भांडण. मी पेन्शनवर आलेला हवालदार आहे, गावातले नवीन भरती झालेले पोरं आन त्याईच्या घरचे विचारत राहतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. माझं म्हणणं एकच आहे राजेहो, तुमच्या मागे घर चालूच होतं, ते चालवणारं माणूस घरात आहे, म्हणून सुट्टीवर घराचा चार्ज घ्याले येऊ नका, घरात राहाले या.

आधी सुट्टीचं. जवानाले वर्षाची ६० दिवस ॲन्युअल आन ३० दिवस कॅज्युअल असते, पण कॅज्युअल ॲन्युअलले जोडता येत नाही हे घरच्याईले आधीच सांगून ठेवा, नाहीतर माय म्हणते तीन महिने येणार होता, दोन महिन्यातच काऊन निघाला. आन मिळते ती कंपनीच्या, म्हणजे फौजेतल्या त्याच्या तुकडीच्या, हिशोबाने, सगळ्याईलेच दिवाळीत पाह्यजे असते, सगळेच गेले तर पोस्टवर, म्हणजे चौकीवर, कोण राहणार. कास्तकाराच्या घरी सगळे म्हणतात पेरणीले ये. माझं मत वेगळं आहे. जूनमध्ये तुम्ही आले तर पाऊस लांबला की अर्धी सुट्टी आभाळाकडे पाहण्यात जाते, आन पेरणी तर तुमच्या बिगर दर साल होतच आहे, बायको आन सालदार मिळून ट्रॅक्टर सांगतात, बियाणं आणतात. त्याच्यापेक्षा लेकराईच्या शाळेले सुट्ट्या असतील तेव्हा या, दोन तुकड्यात मिळत असली तर एक पोळ्याच्या आसपास घ्या.

आता घरच्यांसाठी, कारण अर्ध्या कुरबुरी "फोन काऊन नाही केला" इथूनच सुरू होतात. पोस्टवरचा दिवस कसा असते ते समजून घ्या. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात, मग चहा, हत्यार साफ करणं, लंगरचं काम, पेट्रोलिंग, वरच्या पोस्टवर असला तर बर्फ वितळवून पाणी, मग संध्याकाळी अंधार पडताना परत स्टँड-टू, आन रात्री पाळीपाळीने संतरी ड्यूटी. म्हणजे सलग झोप अशी भेटतच नाही. बंकरमध्ये घासलेटची बुखारी जळते, दारं बंद, सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं येते. इतकं करून त्याले फोनची पाळी भेटली आन तुम्ही पहिलंच वाक्य बोलले की गॅस संपला, धुऱ्यावरून शेजाऱ्याने भांडण केलं, तर तो तिथे बसून काय करणार, रात्रभर तेच डोक्यात घेऊन ड्यूटीवर उभा राहते. लपवा असं म्हणत नाही, लपवलं की नंतर जास्त लागते. आधी लेकराचा आवाज ऐकवा, मग अडचण सांगा, आन त्या अडचणीचं तुम्ही काय करून राहिल्या तेही सांगा, त्याले मोकळं वाटते.

खरंच वाईट बातमी असली, घरात कोणी गेलं, ॲक्सिडंट झाला, तर थेट त्याले फोन करू नका. त्याच्या कंपनीचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा, आधी तिथल्या सुभेदार साहेबाले नाहीतर हवालदार मेजरले सांगा. ते त्याले ड्यूटीवरून उतरवतात, हत्यार जमा करून घेतात, कोणीतरी सोबत बसते, मग सांगतात, आन सुट्टीचे कागदही तेच लवकर हलवतात. रात्री एकट्या संतरीले अशी बातमी फोनवर सांगणं फार वाईट, हे मी कळकळीने सांगतो, प्रत्येक फौजीच्या घरी हे माहीत पाह्यजे.

चिठ्ठी अजूनही पोहोचते. पत्त्यावर आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आन ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), जे त्याने सांगितलं असेल ते, गावाचं नाव टाकायचं काम नाही. लेकराचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून पाठवा, तो येताना कँटीनमधून बुटं बरोबर मापाची आणते, आन तो कागद त्याच्या पेटीत राहते ते वेगळं.

पैशाचं आन मोबाईलचं नीट करून ठेवा, याच्यात लोकं फार अडकतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आन लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. आता तुमच्या खात्याले तोच प्रीपेड नंबर जोडलेला असला तर ओटीपी जाणार कुठे? घरी बायको बँकेत उभी आन मेसेज पोहोचतच नाही. म्हणून सुट्टीत पहिल्याच आठवड्यात बायकोसोबत जॉइंट खातं काढा, दोघांपैकी कोणालेही पैसे काढता येतील असं, त्याले घरातला नंबर जोडा, घरखर्चाचे पैसे दर महिन्याले तिकडे वळते करा. एटीएम तिच्या हातात द्या आन मग दर फोनवर हिशोब विचारू नका. पीक विमा, ई-पीक पाहणी, सोसायटीचं कर्ज, हे ती पाहून राहिली असेल तर पाहू द्या. जमीन तुमच्या नावावर असली आन वारंवार सही लागत असली तर विश्वासाच्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवा, पण कशापुरतं ते स्पष्ट लिहून घ्या, सरसकट देऊ नका.

कागदाचं दुसरं, लग्न झालं, लेकरू झालं की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तशी नोंद, करा लागते, आन त्याले लग्नाचं सर्टिफिकेट, जन्माचा दाखला लागते. इथे स्पेलिंग पाहा बाप्पा! आधारवर सुनंदा, दाखल्यावर सुनंदाबाई, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचं नाव, असं असलं की पुढे फॅमिली पेन्शनच्या वेळी त्या बाईले वर्षानुवर्षं खेटे पडतात. सुट्टीत दोन दिवस खर्च करा, ग्रामपंचायत, आधार केंद्र, सगळीकडे एकच नाव, एकच जन्मतारीख करून घ्या. वावराचा कोर्टात वाद चालू असला तर घाबरू नका, सैनिकांसाठी १९२५ पासून कायदाच आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, विशेष परिस्थितीत ड्यूटीवर असलेल्या जवानाले हजर राहता येत नसलं तर तसं सर्टिफिकेट कोर्टात जाते आन केस पुढे ढकलता येते. सीओ साहेबाकडून, म्हणजे युनिटच्या मुख्य अधिकाऱ्याकडून, कलेक्टरले पत्रही जाते. आन आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे घरच्या बाईने एकदा जाऊन ओळख करून ठेवावी, काम नसताना गेलं की काम पडल्यावर सोपं जाते.

येण्याची तारीख. नातेवाईकाईले एक दिवस उशिराची सांगा. खरंच सांगतो, पहिली रात्र फक्त घरच्यांची ठेवा. जम्मूवरून हिमसागर रेल्वेने नागपूरले उतरलेला माणूस, त्याच्या आधी कॉन्व्हॉय (फौजेच्या गाड्यांचा ताफा) आन ट्रान्झिट कॅम्पमध्ये (वाटेतल्या मुक्कामात) गेलेले दिवस, त्याले पहिले आंघोळ, वरण-भात, वांग्याची भाजी आन झोप पाह्यजे. गावच्या ग्रुपवर कोणती गाडी, कोणता डबा, वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, हे काहीच टाकू नका, घरच्याईनेही टाकू नका. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून २०२० मध्ये आर्मीने ८९ ॲप जवानाईच्या फोनमधून काढाले लावले होते ते काही उगाच नाही.

आल्यावर पहिले सात-आठ दिवस कोणतंच मोठं काम हातात घेऊ नका. वर जाताना फौज तुम्हाले कशी चढवते? ९ हजार फुटाच्या वर सहा दिवस, १२ हजारच्या वर आणखी चार, १५ हजारच्या वर आणखी चार, तेव्हा कुठे पोस्टवर. घरी उतरताना मात्र कोणी थांबवत नाही, कालपर्यंत बर्फात असलेला माणूस मे महिन्यात ४५ डिग्रीत बसस्टँडवर उभा. शरीरालेही वेळ द्या आन डोक्यालेही. रात्री दोन वाजता डोळा उघडेल, वरातीतल्या फटाक्याने अंग दचकेल, गर्दीत पाठ भिंतीले लावून बसावं वाटेल. हे बहुतेकाईले होते आन काही दिवसात कमी होते. बायकोले सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरत नाही आन मागून येऊन खांद्यावर हात ठेवून उठवत नाही, पायाच्या बाजूने आवाज देऊन उठवते. सुट्टीभर झोपच नाही, रागावर ताबाच नाही, दारू वाढत चालली, असं असलं तर लपवू नका, परत गेल्यावर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टर साहेबाले सांगा, याच्यात लाज नाही.

लहान लेकरू पहिल्या दिवशी तुमच्याकडे येणार नाही, त्याच्यासाठी तुम्ही फोनमधले माणूस आहात. ओढून घेऊ नका. त्याच्या आजूबाजूले काम करत राहा, सायकलची चेन बसवा, बैलं धुवा, ते आपोआप जवळ येते. आन घरात जे बदललं असेल ते बदललेलं राहू द्या. तिने पलंगाची जागा बदलली, पोराले दुसऱ्या ट्यूशनले टाकलं, सोयाबीनच्या जागी तूर पेरली, तर आल्याआल्या "हे कोणी सांगितलं होतं" म्हणायचं नाही. तुम्ही ऑर्डर सोडणार, महिन्याने जाणार, आन ती घडी तिले परत बसवा लागते.

दोस्त बाटली मागतात. वर्धा आन गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, कँटीनची असली तरी बिगर परमिटची पिशवी पोलिसाईने पकडली तर नोकरीवर येते, सरळ नाही म्हणा. उसने पैसे मागणाऱ्याले बायकोकडे पाठवा, तिले गावातलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

परत जाताना बॅग आदल्या दिवशीच भरा. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, शंकरपाळे, हे टिकते आन सगळ्या सेक्शनले, म्हणजे सोबतच्या छोट्या तुकडीले, पुरते, लोणचं दिलं तर दुहेरी पिशवीत. लेकरू झोपलं असताना गुपचूप निघू नका, उठवून सांगून जा, रडलं तरी चालते. हातात एक दिवस जास्तीचा ठेवून निघा, कारण पुढे बर्फ पडला, रस्ता बंद झाला तर तुमची गाडी वेळेवर होती हे कोणी विचारत नाही. सुट्टीत आजारी पडले तर घरी पडून राहू नका, युनिटले लगेच फोन करा आन कामठीच्या मिलिट्री हॉस्पिटलले नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, त्याच्याबिगर उशीर झाला तर तो गुन्हाच धरला जाते.

आन घरच्याईने एक ध्यानात ठेवा, उंचावरच्या पोस्टवर जाणारा असला तर सुट्टीनंतर त्याले परत खालीच थांबवून शरीराची सवय करून घेतात, मग वर पाठवतात, वर गेल्यावर नेटवर्क असेलच असं नाही. निघताना त्यालेच विचारून घ्या की अंदाजे किती दिवस फोन येणार नाही. तेवढे दिवस वाट पाहा, त्याच्या वर गेले तर भिंतीवरच्या नंबरवर फोन करा, हवालदार मेजर नीट सांगते.